तृतीयपंथी लेकरू आणि दवाखान्याची वाट



गटाच्या बैठकीत 'तृतीयपंथी' हा शब्द निघाला की आधी हसू येतं, मग सगळ्या गप्प होतात. पण असं लेकरू कुणाच्याही घरात जन्माला येऊ शकतं. म्हणून या अंकात हा विषय समजून घेऊया.

शरीर मुलाचं, पण मनातून आपण मुलगीच आहोत असं वाटणं, किंवा याच्या उलट. काहींना दोन्हींपैकी काहीच आपलं वाटत नाही. हा आजार नाही, करणी नाही, आणि आईच्या संस्काराची चूक तर नाहीच. वयात येताना शरीर बदलतं तसा अनेकांचा आतला त्रास वाढतो. घरचे मात्र देवऋषीकडे नेतात, नाहीतर "लग्न लावून द्या, सुधारेल" म्हणतात. त्यात आणखी एका जिवाची फरफट होते. असं 'सुधारण्याचे' उपचार डॉक्टरनेही करायचे नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ते गैरवर्तन ठरवलं आहे.

मग उपचार कोणते? आधी समुपदेशन आणि मानसोपचार तज्ज्ञांशी बोलणं. पुढे ज्यांना हवे त्यांना, तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हार्मोनचे उपचार. शस्त्रक्रिया ज्यांना हवी त्यांनाच. कित्येकांना ती नकोच असते.

पण दवाखान्यापर्यंत पोचणंच अवघड. जवळपास माहीतगार डॉक्टर नसतो. शहरात जायचं तर गाडीभाडं लागतं, मजुरी बुडते. तिथे केसपेपरवरचं जुनं नाव भर रांगेत पुकारतात, लोक वळून बघतात. अ‍ॅडमिट करायचं तर बायकांच्या वॉर्डात की पुरुषांच्या, यावर वाद. असा अपमान झाला की माणूस साध्या तापालाही दवाखान्यात जायला धजत नाही.

मग काहीजण मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनानेच घेतात. त्याने रक्ताची गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं. काहीजण शिक्षण नसलेल्या माणसाकडून लपून ऑपरेशन करून घेतात. त्यात रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीचा कायमचा त्रास होऊ शकतो. म्हणजे जीव धोक्यात येतो तो लाजेपोटी, लपवाछपवीमुळे.

कायदा काय सांगतो? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्यात समुपदेशन, हार्मोन उपचार आणि शस्त्रक्रियेची सोय ही सरकारची जबाबदारी म्हटली आहे. उपचारात भेदभाव करायलाही मनाई आहे.

आपला गट काय करू शकतो?

• बैठकीत कुणी टिंगल केली तर तिथेच थांबवा.
• एखाद्या ताईने घरची गोष्ट सांगितली, तर ती गटाबाहेर जाऊ देऊ नका.
• तपासणीला शहरात जायचं असेल तर अंतर्गत कर्जाचा विचार करा. आजारपणाला देतो, तसंच हे.
• त्या मायलेकरांसोबत एकीने तरी दवाखान्यात जा. सोबत कुणी असलं की धीर येतो.
• मन फार खचलं असेल तर टेली मानसचा १४४१६ हा मोफत नंबर द्या. तिथे मराठीत बोलता येतं.

पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्यांत एखादी आई असेल, जिने हे आजवर कुणालाच सांगितलं नसेल.