डोंगराची सुरुवात तरवडापासून

छत्रपती संभाजीनगरचा परिसर वाळवंट नव्हे. इथे वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. देवगिरी, खुलताबाद किंवा शहरालगतच्या सातारा परिसराच्या उतारांवर बेसॉल्टचा खडक आणि त्यावर वीतभर मुरूम, एवढीच जमीन आहे, तिथे ते पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. पुढचे सात-आठ महिने या उतारांवरच्या वनस्पतींना वाळवंटातल्यासारखेच दिवस काढावे लागतात. तरीही हे डोंगर हिरवे करायचे म्हटले की आपण थेट मोठ्या झाडांचे खड्डे घेतो आणि ती रोपे दोन उन्हाळे टँकरने जगवत बसतो. माझ्या मते सुरुवात झुडपापासून व्हायला हवी. ते झुडूप बाहेरून आणायचीही गरज नाही, कारण तरवड इथे पूर्वीपासून उभा आहे.

तरवड बहावा आणि टाकळ्याच्या गोतातला. शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा, जुन्या पुस्तकांत कॅसिया ऑरिक्युलाटा. एरवी कमरेएवढे, चांगली जागा मिळाली तर पुरुषभर उंच वाढणारे हे झुडूप बुडापासूनच फांद्या फोडते. पानाच्या देठावर आठ ते बारा जोड्या पर्णिका असतात आणि देठाच्या मुळाशी कानाच्या पाळीसारखी रुंद उपपर्णे. जवळ जाऊन पाहिले तर एवढ्या खुणेवरून तरवड ओळखता येतो. भर उन्हाळ्यातही तो सहसा पूर्ण उघडा पडत नाही. फुले गडद पिवळी, पाच पाकळ्यांची. त्यांत मकरंद नसतो, असतो तो फक्त पराग, आणि तोही परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. मोठे काळे भुंगे पुंकेसर धरून अंग थरथरवतात, तेव्हा पराग झडतो. ज्या माळावर फुले मोजकीच, तिथे वर्षाचा बराच काळ फुलणारे झुडूप असणे ही कीटकांसाठी मोठीच सोय आहे. पुढे चपट्या, कागदासारख्या पातळ शेंगा धरतात आणि झुडपावरच वाळून खुळखुळतात.

तरवडापासून सुरुवात करण्यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो खरा आहे: तरवडाला शेळ्या-गुरे सहसा तोंड लावत नाहीत, मग चाऱ्याच्या टंचाईच्या भागात तो लावून काय मिळणार? पण मोकळ्या चराईच्या डोंगरावर कुंपण आणि राखणदार यांचा खर्च कोणी करत नाही, आणि तिथे लावलेले चाऱ्याचे रोप पहिल्याच वर्षी खाल्ले जाते. तरवड तगतो तो नेमका या नावडीमुळे. त्याच्या आडोशाला गवत आणि कडुनिंबाची रोपे दातांपासून थोडी वाचतात, पालापाचोळा अडतो, मुरूम धरून राहतो. दुसरा आक्षेप अभ्यासकांचा: तरवड माजलेली जमीन म्हणजे अतिचराईने खंगलेली जमीन. हेही खरे, पण यात लक्षणालाच कारण समजले जाते. जमीन खंगली ती चराईने आणि तोडीने, तरवड उरला एवढेच. तो उपटला तर मागे उघडा खडकच राहील.

मात्र तरवडाची बाजू घेताना जास्तीचे दावे करू नयेत. शिंबावंत कुळातला आहे म्हणून तो हवेतला नत्र जमिनीत बांधतो, असे सर्रास सांगितले जाते. पण सेन्नाच्या बहुतेक जातींच्या मुळांवर नत्र बांधणाऱ्या गाठीच येत नाहीत. त्याचा हिरवा पाला शेतात गाडून खत होते, ही दक्षिण भारतातली जुनी पद्धत, आणि तेवढा गुण पुरेसा आहे. औषधाचेही तसेच. आयुर्वेदात तो आवर्तकी या नावाने येतो. मधुमेहावर फुलांचा काढा घेतात, श्रीलंकेत त्याचा चहा होतो. परंतु तिथल्याच संशोधकांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला यकृताला अपाय करू शकणारी द्रव्ये त्यात नोंदवली. म्हणून रोज काढा पिण्याचा सल्ला कुणी देऊ नये.

तरवडाचे सर्वांत भक्कम काम चामड्यात आहे. त्याच्या सालीत टॅनिन भरपूर असते. मद्रास इलाख्यातून परदेशी जाणारे कमावलेले चामडे दीर्घकाळ या सालीवर तयार होत होते. पुढे दक्षिण आफ्रिकेतली वॉटल बाभळीची साल स्वस्तात येऊ लागली आणि तरवड मागे पडला. उजेडात हे चामडे लालसर होते, म्हणून शेवटी हिरड्याच्या पाण्याचा हात देत. महाराष्ट्रात चामडे कमावणाऱ्या ढोर समाजाने साल, हिरडा आणि चुना यांचे प्रमाण पिढ्यान् पिढ्या हाताने सांभाळले. विहिरीवरच्या मोटेपासून पायातल्या वहाणेपर्यंत सगळी शेती ज्यांच्या कसबावर चालली, त्यांचे हे रसायनज्ञान कुणी ज्ञान म्हणून लिहून ठेवले नाही, याची खंत वाटायला हवी. सालीसाठी झुडूप तोडले तरी बुडातून नवे धुमारे येतात, म्हणजे नीट कापणी केली तर डोंगर उघडा पडत नाही.

शेजारच्या तेलंगणाने 2014 मध्ये याच फुलाला, तिथल्या तंगेडूला, राज्यपुष्प केले. बतुकम्माच्या सणात ते रचून पुजतात. 1956 पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते, डोंगरमाळही बरेचसे सारखेच. आपल्याकडेही नवरात्रात घटाच्या माळांत तरवडाची फुले येतात, पण वृक्षलागवडीच्या यादीत हे नाव क्वचितच दिसते. संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एन. नाईक यांनी या प्रदेशाच्या वनस्पतींची नोंद 1998 मध्ये ग्रंथरूपाने दिली. स्थानिक जाती निवडायला आधार नाही, अशी सबब आता चालणार नाही.

खर्चही फार नाही. वाळलेल्या शेंगा उन्हाळ्याआधी गोळा कराव्यात. बियांचे कवच कठीण असते, म्हणून ते थोडे घासून किंवा बी गरम पाण्यात भिजवून पेरावे. डोंगराच्या समपातळी चरांच्या कडेने, मृगाच्या पावसाआधी, बी थेट टोकावे. झाडांची रोपे त्याच चरांत दोन-तीन वर्षांनी, तरवडाची सावली पडू लागल्यावर लावावीत.