ट्रामच्या छपरावरचा दांडा

जुन्या विजेच्या ट्रामच्या छपरावर मागे कललेला एक लांब दांडा असे. टोकाला खोबणीचं छोटं चाक, बुडाशी दणकट स्प्रिंगा. स्प्रिंगांच्या जोरावर ते चाक तारेला खालून चिकटून धावे. वीज त्यातून उतरून मोटारींत जाई आणि रुळांवाटे वीजघराकडे परते. बस्स, एवढंच यंत्र. पण गाडी शेवटच्या थांब्यावर आली की कंडक्टर खाली उतरायचा, दोरी ओढून दांडा तारेवरून सोडवायचा, तो धरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला चालत जायचा आणि मान वर करून ते चाक पुन्हा बारीक तारेवर बसवायचा. रात्री, पावसातसुद्धा. चाक धावताना निसटलं तर डब्यातले दिवे जात, गाडी थांबे आणि मोकळा सुटलेला दांडा वरच्या तारांना झोडपू लागे.

हे यंत्र रोजच्या कामाला लायक ठरलं ते अमेरिकेतल्या रिचमंड शहरात, १८८८ साली. एडिसनकडची नोकरी सोडलेल्या फ्रँक स्प्रेगने तिथल्या उभ्या चढांवर विजेच्या गाड्या चालवून दाखवल्या. त्याची खरी करामत गाडीच्या पोटाखाली होती. मोटारीची एक बाजू थेट आसावर, दुसरी स्प्रिंगवर टांगलेली. त्यामुळे गाडीला हिसका बसला तरी मोटारीच्या आणि चाकाच्या दात्यांची सांगड सुटत नसे. मग तारा शहरांबाहेर पडल्या, शेतांमधून एक गाव दुसऱ्या गावाला जोडत गेल्या. शिकागो ते मिलवॉकी धावणारी 'नॉर्थ शोअर' ही विजेची रेल्वे त्यातली नावाजलेली. ती १९६३च्या जानेवारीत बंद झाली.

मुंबईत ९ मे १८७४ पासून घोडे ट्राम ओढत होते, कुलाब्याहून पायधुणीला. सुरुवातीचं भाडं तीन आणे, लवकरच दोन. विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७च्या संध्याकाळी महापालिका कार्यालयापासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत गेली, फुलांनी सजून. एक गोष्ट सहसा लक्षात राहत नाही: ट्राम चालवणारी आणि शहराला वीज विकणारी कंपनी एकच होती. वाडीबंदरचं वीजघर ट्रामसाठी उभं राहिलं आणि त्याच कंपनीची वीज पुढे घराघरांत गेली. मुंबईकराच्या खोलीतला दिवा आणि रस्त्यावरची ट्राम ही एकाच घरची भावंडं. १९२० साली दुमजली ट्राम आली, १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस.

ट्राम हाकणारा मोटरमन उभ्यानेच काम करी. एका हाताखाली कंट्रोलरचा दांडा, दुसऱ्या हाताशी ब्रेक, पायाखाली घंटेची कळ. कंट्रोलर म्हणजे कमरेएवढ्या उंचीचा लोखंडी खांब. वरचा दांडा एकेका खाचेत सरकवायचा. पहिल्या खाचांत दोन मोटारी एकापाठोपाठ जोडलेल्या, म्हणजे विजेचा दाब दोघींत वाटलेला आणि गाडी हळू निघे. पुढे त्या समांतर जोडल्या जात, प्रत्येकीला पूर्ण दाब मिळे, गाडी पळू लागे. घाई केली तर हिसका बसून उभे प्रवासी एकमेकांवर कोलमडत, नाहीतर वरची कळ धाडकन उडे. किती वेळ कुठल्या खाचेत थांबायचं हे गर्दी, चढ आणि ओले रूळ बघून हात ठरवी. ही समज पुस्तकात उतरत नाही. जुना मोटरमन नव्याच्या शेजारी उभा राहूनच ती द्यायचा.

मुंबईत ही समज देणं ३१ मार्च १९६४च्या रात्री थांबलं. शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, तिला निरोप द्यायला रस्त्याच्या कडेने माणसं उभी होती. कारणं खोटी नव्हती. रूळ रस्त्याच्या मधोमध, त्यामुळे उतरणारा माणूस थेट मोटारगाड्यांच्या पुढ्यात. एक गाडी अडली की मागच्या साऱ्या अडत. बस वळसा घालून निघून जाई. झिजलेले रूळ बदलायचे तर रस्ता उखडा आणि पैसा ओता. १९६२ साली ट्रॉलीबस आणून पाहिली. रबरी टायरमुळे विजेला जमिनीतून परतायची वाट नाही, म्हणून तिच्या छपरावर दोन दांडे. तीही १९७१ साली गेली.

आता मुंबईच्या बस चालवणाऱ्या 'बेस्ट'च्या आणिक आगारातल्या संग्रहालयात ट्रामच्या प्रतिकृती आहेत. हुतात्मा चौकात खोदकाम करताना जुने रूळ सापडले. हे जपायलाच हवं, पण रूळ म्हणजे ट्राम नव्हे. अमेरिकेत मेन राज्यातलं, १९३९ साली सुरू झालेलं सीशोअर ट्रॉली म्युझियम जुन्या गाड्या दुरुस्त करून चालवून दाखवतं. बरीचशी मेहनत स्वयंसेवकांची. प्रेक्षक तिथे त्या गाड्यांत बसतो.

आपल्या देशात हे अजून जमण्यासारखं आहे ते कोलकात्यात. तिथे १९०२ पासून विजेची ट्राम आहे. पण २०२४च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने मैदान-एस्प्लनेड मार्गाचा तुकडा वारसा म्हणून ठेवून बाकीची ट्राम बंद करायचं जाहीर केलं. वाद उच्च न्यायालयात आधीपासूनच होता. एका छोट्या तुकड्याला किती मोटरमन लागणार? तारा दुरुस्त करणारे किती? तिथल्या नोनापुकुरच्या ट्राम कारखान्यात मोटारी उघडून बसवणारे कारागीर निवृत्त होतील, तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकायला नवीन कुणाला नेमणार, हे आत्ताच ठरायला हवं. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, ते घडवावे लागतात. मुंबईने ही माणसं १९६४ साली गमावली. कोलकात्यात ती आज कामावर आहेत. त्यांच्या पगाराची आणि शिकाऊ उमेदवारांची तरतूद झाली नाही, तर वारसा म्हणून राखलेली गाडीही एखाद्या बिघाडानंतर डेपोतच उभी राहील.