वाट जपणारे हात

पायाखालची वाट नेहमी तिथेच असणार, असे आपण गृहीत धरतो. परंतु वाटेचेही देहासारखेच असते. वापर आणि निगा थांबली की ती हळूहळू बुजते.

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात ‘बॉब मार्शल’ हे दहा लाख एकरांहून विस्तीर्ण असे सार्वजनिक मालकीचे अरण्य आहे. १९६४ च्या कायद्यान्वये अशा अरण्यात मोटारगाड्यांना आणि सामान्यतः यांत्रिक करवतीलाही मज्जाव आहे. त्यामुळे वाटेवर उन्मळून पडलेले वृक्ष दोघांनी दोन टोके धरून ओढायच्या करवतीने कापावे लागतात. ही अवजारे, शिधा आणि तंबू घोड्याखेचरांच्या पाठीवरून नेले जातात. याच राज्यात १९७३ साली काही घोडेस्वारांनी ‘बॅक कंट्री हॉर्समेन’ ही संघटना स्थापन केली. तिचे स्वयंसेवक विनामोबदला झुडपे छाटतात, पावसाचे पाणी वाटेवरून बाजूला काढून देतात आणि सार्वजनिक भूमीवरील वाटा घोडेस्वारांना खुल्या राहाव्यात म्हणून शासनाकडे बाजूही मांडतात. हक्क मागणारेच तेथे आधी श्रम करतात.

आपण लगेच घोड्यावर बसावे, असे मुळीच नव्हे. हाडे ठिसूळ असतील, तोल जात असेल किंवा रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल, तर घोड्यावरून पडणे जिवावर बेतू शकते. मात्र चालणे आपल्या हाती आहे. पासष्टीनंतरही आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सावरण्याचा सराव करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रकृतीनुसार प्रमाण वैद्यांना विचारून ठरवावे.

आता आपल्या घरापासून बागेपर्यंतची वाट आठवून पाहा. उखडलेली फरशी, डोळ्यांशी येणारी फांदी, बंद पडलेला दिवा यांमुळेच अनेक ज्येष्ठांचे फिरणे थांबते. दोघा-चौघांनी मिळून त्यांची नोंद करावी, प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि काम होईपर्यंत पाठपुरावा करावा.

शुश्रूषा करणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे : आई-वडिलांना जपताना त्यांच्या हातातले प्रत्येक काम काढून घेऊ नये. ज्यांना चालवत नाही, ते अर्जाचा मसुदा लिहू शकतात, दूरध्वनी करू शकतात. ‘माझ्यावाचून हे अडेल’ ही जाणीव त्यांना उद्याच्या सकाळची ओढ लावते.