हेल्मेट आहे, बोलणं नाही

भट्टीजवळ जाणाऱ्या कामगाराला हेल्मेट, जाड बूट, हातमोजे घालावे लागतात. ते घातले म्हणून त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. 1959 पासून लोखंड ओतणाऱ्या छत्तीसगडमधल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात ही शिस्त मुरलेली आहे. मनाच्या दुखण्याला मात्र असं संरक्षण मागणं नामर्दपणाचं ठरतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशात आत्महत्या करणाऱ्यांत दहापैकी सात पुरुष होते. छत्तीसगडचा दर लाखामागे 28.2, देशाचा 12.4.

यावर आक्षेप येतो, की नैराश्य तर बायकांमध्ये जास्त आढळतं. खरं आहे, पण नैराश्य सांगितलं तरच आढळतं. पुरुषाचं दुखणं बहुधा चिडचिडीतून, पाळीनंतरच्या बाटलीतून बाहेर येतं, आणि 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूचे विकार पुरुषांत कितीतरी पटींनी जास्त दिसले. ‘दारुडा आहे’ म्हटलं की निदान संपलं, असं आपण मानतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: कर्ज, कंत्राटी नोकरीची टांगती तलवार, रात्रपाळी यांवर समुपदेशन काय करणार? कर्ज फिटणार नाही, हे कबूल. पण झोप उडालेला, एकटा पडलेला माणूस कर्जाचा मार्गही शोधू शकत नाही. राहता राहिली बोभाट्याची भीती. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर घरबसल्या, आपल्या भाषेत बोलता येतं.