मोटरीचा शाफ्ट बदलताना

नांदेडनजीकच्या विष्णुपुरीत गोदावरीचे पाणी विजेच्या पंपांनी उचलून शेतांना पुरविणारी उपसा सिंचन योजना आहे, आणि १९८१ साली स्थापन झालेली श्री गुरुगोबिंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थाही तेथेच आहे. नदीचे पाणी चढविणारी अजस्र मोटर आणि हौशी विद्यार्थ्याचे छोटे विमान उडविणारी मुठीएवढी मोटर यांच्या आकारात कितीही तफावत असली, तरी विद्युत्प्रवाह व चुंबक यांच्या संयोगातून परिभ्रमण उत्पन्न होते, हे १८२१ साली मायकेल फॅरेडे यांनी प्रत्यक्ष दाखविलेले तत्त्व दोन्हींवर सारखीच हुकमत गाजविते. आणि दोन्हींची सारी शक्ती अखेर बाहेर पडते ती एका पोलादी शाफ्टमधूनच.

विमान जमिनीवर आदळले की बहुधा प्रथम वाकतो तो हाच शाफ्ट. ‘२२१२’ या नावाने सर्रास मिळणाऱ्या मोटरीत त्याची जाडी अवघी ३.१७ मिलिमीटर असते. आणि दर व्होल्टला हजार फेरे घेणारी अशी मोटर ११.१ व्होल्टच्या बॅटरीवर मोकळी सोडली, तर मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेत असल्याने, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा बाकही तिला थरथरवून बेअरिंगचा फडशा पाडण्यास पुरेसा होतो. वाकलेला शाफ्ट ठोकून सरळ करण्याचा मोह म्हणूनच आवरावा.

दुरुस्तीस प्रारंभ करताना मागची सर्क्लिप काढून चुंबकांसह फिरणारे बाहेरचे कवच सरळ रेषेत ओढावे. कवचाच्या तुंब्यातील बारीक ग्रब स्क्रू सैल करावेत; ते चिकटद्रव्याने जखडलेले असल्यास तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक केवळ स्क्रूवरच टेकवावे, कारण साधारण प्रतीची निओडिमियम चुंबके ८० अंश सेल्सिअसच्या पलीकडे आपले बळ कायमचे गमावू लागतात. वाकलेला भाग तुंब्यातून ओढल्यास छिद्रच सैल होते. सबब तो प्रथम कटिंग डिस्कने छाटावा, मात्र छाटताना चुंबकांना कापडाने झाकण्यात हयगय करू नये, कारण लोखंडाची भुकटी त्यांना एकदा चिकटली की निघता निघत नाही. त्यानंतर तुंब्याखाली पोकळ नळीचा भक्कम आधार देऊन, व्हाइसच्या सावकाश दाबाने शाफ्ट बाहेर सारावा. हातोडीच्या घावाने ॲल्युमिनियमचे कवच वेडेवाकडे होते आणि चुंबके निखळतात.

नवा शाफ्ट त्याच जाडीचा व कठीण केलेल्या पोलादाचा असावा. तो काचेवर घरंगळत सोडून पाहावा. खाली उजेडाची फट उघडझाप करताना दिसली, तर तो परत करावा. ग्रब स्क्रू जेथे टेकतो तेथे शाफ्टवर लहानसा सपाट भाग घासून घ्यावा, म्हणजे स्क्रू घट्ट पकडतो. परंतु घासताना उठलेली कोर काढल्यावाचून शाफ्ट बेअरिंगमध्ये घालू नये.

जोडणी झाल्यावर मोटर प्रथम पंखा न लावता मंद गतीने चालवावी. ती निमूट फिरली, तर दुरुस्ती साधली असे समजावे. कवचच वाकडे झाले असेल, चुंबक निखळले असेल किंवा तांब्याची गुंडाळी जळाली असेल, तर मात्र शाफ्टवर खर्च न करता नवी मोटर घेणेच शहाणपणाचे.