टॉवरच्या पाठीमागची वाट : तुळजापूर आणि बिनतारी बॅकहॉल

मोबाईल वापरणाऱ्याचा संबंध जवळच्या टॉवरशी येतो. परंतु त्या टॉवरने गोळा केलेले संभाषण आणि डेटा कंपनीच्या मुख्य जाळ्यापर्यंत नेणारा दुसरा दुवाही असावा लागतो आणि त्याला दूरसंचाराच्या परिभाषेत बॅकहॉल म्हणतात. हा दुवा जमिनीखालून ऑप्टिकल फायबर टाकून साधता येतो, किंवा टॉवरवर बांधलेल्या ढोलाच्या आकाराच्या मायक्रोवेव्ह अँटेनांनी एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर लहरी पाठवून.

सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटरवर, घाट चढून गेल्यावर बालाघाटाच्या कडेला वसलेल्या तुळजापुरात या दोहोंचा हिशेब प्रथम खडकापाशी येतो. फायबरच्या खर्चात काचेच्या तंतूंची किंमत थोडी असते. पैसा जातो तो बेसाल्टात चर खणण्यात, उकरलेला रस्ता पूर्ववत करण्यात आणि मार्गाधिकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून केबल नेण्याच्या परवान्यांत. हा खर्च अंतराबरोबर वाढतो, शिवाय रस्त्याचे रुंदीकरण निघाले की टाकलेली केबल हलवावी लागते. मायक्रोवेव्हचा खर्च मुख्यतः दोन टोकांच्या यंत्रांवर होत असल्याने मधले अंतर ५ किलोमीटर असो वा १५, त्यात फारसा फरक पडत नाही आणि जोडणी काही दिवसांत उभी राहते.

या सोयीची किंमत निसर्ग वसूल करतो. दोन्ही अँटेना परस्परांना दिसाव्या लागतातच, पण तेवढ्याने भागत नाही : १५ गिगाहर्ट्झ कंप्रतेच्या २० किलोमीटर लांब जोडणीत मध्यावर दृष्टिरेषेभोवती सुमारे १० मीटर त्रिज्येचा भाग बराचसा मोकळा असावा लागतो, अन्यथा टेकडीची सोंड किंवा वाढलेले झाडही संदेश क्षीण करते. म्हणूनच पठाराच्या कडेवरचा टॉवर फायद्याचा ठरतो, तर दरीत दडलेल्या वस्तीसाठी मध्ये आणखी एक टप्पा घ्यावा लागतो. १० गिगाहर्ट्झच्या वर पावसाचे थेंबही लहरी शोषू आणि विखरू लागतात; अशा वेळी आधुनिक यंत्रे जोडणी तुटू न देता वेग आपोआप उतरवतात.

२जीच्या काळात एका टॉवरला सेकंदाला २ मेगाबिटच्या एक-दोन वाहिन्या पुरत असत, ५जीला गिगाबिटची भाषा करावी लागते, आणि तुळजापुरात ही मागणी वर्षभर सारखी नसते. शारदीय नवरात्रात, आणि नंतर तुळजाभवानी देवीची श्रमनिद्रा संपते त्या अश्विनी पौर्णिमेला सोलापूरकडून पायी येणाऱ्यांच्या गर्दीत, ती एकदम उसळते. फोनवर रेंज पूर्ण दिसूनही छायाचित्र पुढे सरकत नाही, तेव्हा दोष टॉवरच्या अपुऱ्या क्षमतेचा असेल किंवा त्याच्या पाठीमागच्या अरुंद वाटेचा. ग्राहकाला दोन्ही सारखेच दिसतात. मोजक्या दिवसांसाठी चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणले, तर त्यांच्यासाठी चर खणणे व्यवहार्य नसते. तेथे बिनतारी जोडणीच कामी येते.

खरी गुंतागुंत शुल्काची आहे. भारतात १५, १८ आणि २१ गिगाहर्ट्झ पट्ट्यांतले मायक्रोवेव्ह कॅरिअर, म्हणजे प्रत्येक दिशेला २८ मेगाहर्ट्झ रुंदीच्या जोड्या, लिलावाविना दिले जात आले असून त्यांचे शुल्क एजीआरच्या, म्हणजे समायोजित सकल महसुलाच्या टक्केवारीत ठरते : २००६ च्या आदेशांनुसार पहिल्या कॅरिअरला ०.१५ टक्के आणि पुढच्यांना चढता दर. कॅरिअर एका जोडणीसाठी नव्हे, तर मुंबई वगळून आणि गोवा धरून आखलेल्या संपूर्ण महाराष्ट्र सर्कलसाठी, म्हणजे परवानाक्षेत्रासाठी, मिळतो. परिणामी पुण्याच्या गर्दीसाठी घेतलेल्या जादा कॅरिअरचे शुल्क सर्कलभरच्या उत्पन्नावर बसते. उलट एकदा कॅरिअर हाती आला की तुळजापूर तालुक्यात आणखी एक जोडणी उभारायला स्पेक्ट्रमपोटी जादा काहीच पडत नाही. धोरणकर्त्यांनी हेतुपूर्वक आखलेली नसली, तरी कमी उत्पन्नाच्या भागाला मिळणारी ही सवलतच आहे, आणि एजीआर-पद्धतीवर टीका करणारे तिच्याकडे सहसा दुर्लक्ष करतात.

२०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाने २०२२ पर्यंत किमान ६० टक्के टॉवर फायबरने जोडण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते मुदतीत गाठले गेले नाही. २०२२ मध्ये ५जी स्पेक्ट्रम घेणाऱ्या कंपन्यांना ई-बँडचे, म्हणजे ७१ ते ८६ गिगाहर्ट्झच्या टापूतले, २५० मेगाहर्ट्झ रुंदीचे कॅरिअर तात्पुरते देण्यात आले. त्यांतून गिगाबिटचा वेग मिळतो, पण पावसामुळे पल्ला एक-दोन किलोमीटरवर येतो. मंदिर परिसराच्या दाटीत ते उपयोगी पडतील, नळदुर्गाच्या वाटेवरच्या खेड्यांना नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने रेडिओ बॅकहॉल लिलावाबाहेर ठेवले. मे २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने मात्र कॅरिअर सर्कलनिहाय द्यावेत की जोडणीनिहाय, हा प्रश्न सल्लामसलतीसाठी खुला केला. जोडणीनिहाय आकारणीत डोंगरकडेच्या दोन टप्प्यांच्या जोडणीला दोनदा शुल्क लागू शकते, म्हणून दर ठरवताना अंतर आणि वस्तीची विरळता हिशेबात धरावी लागेल.