दाहाचे विज्ञान आणि धोरणाचा विलंब

बेंगळुरूच्या होसूर रस्त्यावरील किदवई स्मारक कर्करोग संस्थेत सकाळच्या गर्दीत कन्नड, तेलुगू, उर्दू यांच्या जोडीने बेळगाव-बीदरकडील मराठीही कानी पडते. रफी अहमद किदवई यांच्या नावाची ही संस्था 1973 मध्ये स्थापन झाली. शहरातील कर्करुग्णांची लोकसंख्याधारित नोंद येथे 1982 पासून ठेवली जाते. आरंभीच्या काळात स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रस्थानी होता. आज ते स्थान स्तनकर्करोगाने घेतले आहे. शासनाने मोजणी चोख केली. मोजल्यानंतर काय केले, हा प्रश्न मात्र उरतो.

स्तनकर्करोगाने होणारे बहुतेक मृत्यू मूळ गाठीमुळे नव्हे, तर रोग फुप्फुस, यकृत, हाडे वा मेंदूत पसरल्यामुळे होतात. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ हा त्यातील विशेष आक्रमक प्रकार. संप्रेरकांना रोखणारी औषधे त्यावर चालत नाहीत. पाश्चात्त्य देशांत त्याचे प्रमाण साधारण 10 ते 15 टक्के असते. भारतीय अभ्यासांत ते बहुधा एक चतुर्थांशाच्या वर आढळते. म्हणून हा रोग पसरतो कसा, हा प्रश्न आपल्यासाठी केवळ प्रयोगशाळेचा नाही.

या प्रश्नाला इतिहास आहे. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी 1863 मध्येच अर्बुदात पांढऱ्या रक्तपेशी पाहून कर्करोग आणि दाह यांचा संबंध सुचवला होता. पुढे 1986 मध्ये अमेरिकी वैद्यक हॅरॉल्ड ड्वोराक यांनी अर्बुदाची तुलना न भरणाऱ्या जखमेशी केली. जखम झाली की शरीर रक्षक पेशी धाडते, नव्या रक्तवाहिन्या उभारते, ऊती दुरुस्त करते आणि मग थांबते. कर्करोगात हे थांबणे घडत नाही. दाहाचे संदेश वाहणारी रसायने कर्कपेशींना जागा सोडण्यास प्रवृत्त करतात. काही रक्षक पेशी तर त्यांना रक्तवाहिनीत शिरण्यास साह्य करतात. पहारेकऱ्यानेच वेस उघडून द्यावी, तसा हा प्रकार. उंदरांवरील प्रयोगांत 2018 मध्ये तंबाखूच्या धुराने, तर 2025 मध्ये इन्फ्लुएंझा आणि कोविडच्या संसर्गाने फुप्फुसात दाह निर्माण होऊन तेथील सुप्त कर्कपेशी जाग्या झाल्याचे दिसले.

बेंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत या कोड्याच्या काही बाजूंवर काम चालते. अन्नपूर्णी रंगराजन यांच्या गटाने मूळ ऊतीचा आधार सुटल्यावरही स्तनकर्करोगाच्या पेशी कशा तग धरतात, हे अभ्यासले. मोहित कुमार जॉली यांचा गट स्थिर पेशी फिरती कशी होते, याची गणिती प्रारूपे मांडतो.

येथे सावधगिरीही हवी. दाह कमी करणारी गोळी वा काढा घेतला की रोग पसरणार नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. सुमारे 3,000 स्तनकर्करुग्णांवरील अमेरिकेतील चाचणीत रोज ॲस्पिरिन घेतल्याने रोग परतण्याचे प्रमाण घटले नाही, हे 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. ‘दाहक स्तनकर्करोग’ नावाच्या दुर्मीळ पण घातक प्रकारात स्तन लाल होतो, सुजतो. पण त्याचे कारण संसर्ग नसून कर्कपेशींनी तुंबलेल्या त्वचेतील लसवाहिन्या असतात. त्याला गळू समजून प्रतिजैविके देण्यात मोलाचे आठवडे निघून जातात. अशी सूज औषधाने लवकर उतरली नाही, तर बायोप्सीचा आग्रह धरलाच पाहिजे.

धोरणाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचे आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील 11 केंद्रांवर सुमारे 1,600 स्त्रियांची चाचणी झाली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन हे बधिर करणारे साधे औषध टोचले गेले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण या गटात 90.1 टक्के, तर इतरांत 86.4 टक्के होते. हे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. यामागील नेमकी प्रक्रिया अजून उलगडायची आहे. पण शस्त्रक्रियेची घटिकाही रोगाच्या प्रसारात महत्त्वाची असते, हे त्यातून सूचित होते. एवढ्या स्वस्त औषधावर चाचणी घेण्यात औषध कंपनीला लाभ नसतो. असे संशोधन सार्वजनिक पैशातूनच होते, आणि व्हायला हवे.

अर्थात रुग्ण वेळेवर पोहोचली, तरच या ज्ञानाचा उपयोग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) 30 ते 49 वयोगटातील केवळ 0.9 टक्के स्त्रियांची स्तनतपासणी कधी तरी झाली होती. मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख स्त्रियांवर 20 वर्षे चाललेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या हाताच्या तपासणीने पन्नाशीपुढील स्त्रियांतील मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीआतील स्त्रियांत मात्र तशी घट दिसली नाही; तेथे निदानाचा वेग हाच आधार.

केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत कर्करोग डे-केअर केंद्रांची घोषणा झाली. ती स्वागतार्ह आहे. पण केमोथेरपीची खाट जिल्ह्यात आली आणि बायोप्सीचा अहवाल महिनाभर अडला, तर अर्धेच काम होईल. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला फायलीची मुदत ठाऊक असते. गाठ सापडल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचे दिवस मोजा, जिल्हावार प्रसिद्ध करा आणि त्यासाठी अधिकाऱ्याला उत्तरदायी धरा. बेंगळुरूने देशाला रुग्ण मोजायला शिकवण्यात वाटा उचलला. आता विलंब मोजण्याची वेळ आली आहे.